मरीच्या वाफ्यातली माती

मार्गशीर्षातली सकाळ. सूर्य उगवून चार घटका झालेल्या. अंजनगडच्या राजाचा बियाणेमळा. दारालगतच्या वाफ्यात तुरीची बाराशे झाडं फुलोऱ्यात उभी होती आणि त्यांतलं एकही मेलेलं नव्हतं.

ते पाहून मळ्याचा पारखी गोंदाजी बांधावर मटकन बसला.

वाटेनं जाणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा सुखावून बसलाय. बाराशेच्या बाराशे झाडं जगली, यात वाईट काय? पण हा वाफा तूर जगावी म्हणून केलेलाच नव्हता. तो तूर मरावी म्हणून केला होता.

ते असं. अंजनगडच्या लोकांना वरणाशिवाय घास उतरत नसे, आणि तिथल्या तुरीला मर लागत असे. मर हा तुरीचा रोग. तो मातीत राहतो. झाड गुडघ्याला लागतं, कमरेला लागतं, फुलावर येतं, शेतकरी घरी शेंगांच्या गोष्टी सांगू लागतो, आणि मग आठ दिवसांत झाड उभ्या उभ्या वाळतं. उपटून खोड चिरलं की आत काळी रेघ दिसते. त्यावर औषध नाही. मर पचवणारी तूर शोधायची आणि तिचं बी वाढवायचं, एवढाच मार्ग.

त्यासाठी थोरल्या महाराजांनी हा मळा काढला आणि गोंदाजीला पारखी नेमलं. गोंदाजीनं पहिलं काम केलं ते मरीचा वाफा तयार करण्याचं. लोक गाय पाळतात तसा त्यानं रोग पाळला. मेलेली झाडं तो उपटायचा, कोयत्यानं बोटबोटभर तुकडे करायचा आणि त्याच मातीत पुरायचा. त्या मातीत त्यानं दुसरं पीक कधी घेतलं नाही. एकोणीस वर्षांत ती माती अशी झाली की कमजोर तूर तिच्यात मार्गशीर्ष बघत नसे. राज्यातून जिथून मिळेल तिथून बी आणून तो तिथे पेरायचा. शंभरातली नव्वद झाडं मरायची. कधी शंभरही. जी उरायची त्यांच्या न उमललेल्या कळ्यांना तो पातळ कापडाच्या पिशव्या बांधायचा, म्हणजे मधमाश्या दुसऱ्या तुरीचे पराग आणून भेसळ करणार नाहीत. त्या झाडांचं बी पुढच्या आषाढात पुन्हा त्याच वाफ्यात.

हे काम फार सावकाश चालतं. तूर वर्षाला एकदाच उत्तर देते, आणि बहुतेक वेळा ते नकाराचं असतं.

एकोणीस वर्षांत गोंदाजीच्या हाती एकच खरी तूर लागली. वाफ्यातल्या अकराव्या ओळीत सापडली म्हणून तो तिला ‘अकरावी’ म्हणायचा. तिच्या शंभरातली नव्वद झाडं मरीतून तरायची. दाणा बारीक, पिकाचा उतारा मध्यम, बघून कुणी वाहवा करावी असं काही नाही. तिच्या शेजारी असायची फुलवंती. टपोरा दाणा, अकरावीच्या दीडपट उतारा, आणि मरीच्या वाफ्यात दरवर्षी मुळासकट साफ. या दोघींची जोड लावून गोंदाजी नवी तूर घडवत होता. आईचं रूप आणि बापाची तब्येत घेऊन एखादं पोर निघेल, असं तो म्हणायचा. त्याला अजून तीन-चार वर्षं हवी होती.

मग थोरले महाराज गेले. धाकटे गादीवर आले, आणि पहिल्याच हिवाळ्यात मळा बघायला आले. दारातच वाळलेल्या झाडांचा वाफा. महाराजांनी शेल्याचं टोक नाकाला लावलं.

“दारातच हे मसण कशाला ठेवलंय?” ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे गेले.

पुढच्या वैशाखात गोंदाजीला हिवतापानं धरलं. तीन महिने तो अंथरुणाला होता. श्रावणात काठी टेकत मळ्यात आला, तेव्हा तूर पेरून गुडघ्याएवढी झाली होती. वाफा सपाट केलेला, कडेला झेंडूची रांग. कुणीतरी बांध सावरलेत, एवढंच त्याला वाटलं. अंगात त्राण नव्हतं. तो खोलात गेला नाही.

आता मार्गशीर्ष होता, आणि एकही झाड मेलं नव्हतं.

गोंदाजी उठला. त्यानं फुलवंतीचं एक झाड उपटून खोड चिरलं. आत पांढरं स्वच्छ. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. मग तो गुडघ्यांवर बसला आणि खुरप्यानं उकरू लागला. कोपरभर खोल गेला. या मातीत दर पसाभर उकरलं की तुरीचे कापलेले तुकडे हाताला लागायचे. त्यानं स्वतः पुरलेले. आज एक तुकडा लागला नाही.

मळ्यावर निंदणी-खुरपणी करणारी ठकूबाई पाटी घेऊन आली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. पन्नाशीची बाई. गोंदाजीच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेली.

“काय हरवलं, आबा?”

“माती हरवली.”

“ती वैशाखातच गेली की. सव्वाशे गाड्या जुनी बाहेर गेली, गायरानातली नवी आत आली.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही तापात बडबडत होता. मी भेटायला आले तर मला शेळी समजून हाकललंत. तुम्हाला काय सांगू?”

“श्रावणात सांगायचं.”

“श्रावणात मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. पारख्याच्या वाफ्यातली माती पारख्याला न विचारता बदलतील, हे माझ्या डोक्यात कसं यावं?”

“कुणी सांगितलं होतं बदलायला?”

“वरून आलंय म्हणाले.”

“वरून म्हणजे कुठून?”

“ते काही कुणी सांगत नाही, आबा. वरून म्हटलं की लोक फावडी उचलतात.”

जुनी माती कुठे गेली, हे गोंदाजीनं विचारलं. ठकूबाईला ठाऊक नव्हतं. गाड्या दारातून उगवतीकडे वळल्या, एवढंच तिनं पाहिलं होतं. कुठल्या तरी ओढ्यात लोटली असेल, असं गोंदाजीनं धरलं आणि तो विषय तिथेच सोडला. ते त्यानं शोधून काढायला हवं होतं. ही त्याची पहिली चूक.

तो मळ्याचे कारभारी मानाजीराव यांच्याकडे गेला. मानाजीराव माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त सगळं नीटनेटकं दिसायला लागे.

“कारभारीसाहेब, यंदाची परीक्षा रद्द समजा,” गोंदाजी म्हणाला.

“गोंदाजी, झाडं जगली म्हणून सुतकी तोंड करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय.”

“ती जगली नाहीत. त्यांना मारायला कुणी आलंच नाही.”

मानाजीराव हसले. “तुम्ही आजारातून उठलाय. जरा उन्हात बसत जा. आणि एक गोष्ट ऐकून ठेवा. फुलवंतीचा बहर मी बघून घेतलाय. एकोणीस वर्षांत या मळ्यात असा बहर कुणी पाहिलेला नाही. महाराज पौषात येताहेत.”

महाराज आले. दारात हिरवागार वाफा, शेंगांनी लवलेली फुलवंती, कडेला झेंडू. महाराजांनी शेंग फोडली, टपोरे दाणे तळहातावर घेतले आणि सोबत आलेल्या मंडळींना दाखवले. येत्या आषाढात राज्यभर हीच तूर पेरायची, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

त्या राज्यात एक जुना नियम होता. पारख्याची मोहोर उठल्याशिवाय बियाण्याचं एक पोतंही मळ्याबाहेर जात नसे. थोरल्या महाराजांनी तो नियम फार विचार करून केला होता. शेतकऱ्याला बी बघून रोग कळत नाही. त्याला मोहोर कळते.

म्हणून महाराजांनी गोंदाजीकडे पाहिलं. “काय पारखी, खात्री आहे ना?”

कारभारी बघत होते. प्रधान बघत होते.

“महाराज,” तो म्हणाला, “अजून एक वर्ष द्या.”

“वडिलांकडेही तुम्ही दरवर्षी एक वर्ष मागत होता म्हणे.”

मंडळी हसली. गोंदाजीला ते हसणं लागलं, कारण ते खोटं नव्हतं. तो खरंच दरवर्षी एक वर्ष मागत आला होता. माती बदलली, हे दोन शब्द त्याच्या जिभेवर आले. ते उच्चारले की पुढे कारभारी बोलणार, प्रधान बोलणार, चार दिवस वाद होणार, आणि आपल्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगावं लागणार, हे त्याला दिसलं. एकोणीस वर्षं तो समजावून सांगत आला होता की मेलेली झाडं म्हणजे आळस नव्हे, काम आहे. तो थकला होता.

“जशी आज्ञा,” तो म्हणाला.

महिन्याभरात मळ्याच्या मोठ्या रानात पिकलेल्या फुलवंतीची पोती भरली. गोंदाजी लाख वितळवून एकेका पोत्यावर मोहोर उठवत बसला. ठकूबाईला पोती शिवायला सांगितलं होतं. तिनं दाभण खाली ठेवलं.

“आबा, अजून तोंड उघडा.”

“कारभाऱ्यांना सांगून झालं. महाराजांकडे वर्ष मागून झालं.”

“मातीचं सांगितलंत?”

गोंदाजीनं पुढच्या पोत्यावर मोहोर उठवली.

“एवढी वर्षं त्या वाफ्यातली मेलेली तूर बोलत होती,” ठकूबाई म्हणाली, “आणि तुम्ही जिवंत असून गप्प.” ती उठून गेली. पोती दुसऱ्या बायकांनी शिवली.

आषाढात फुलवंती राज्यभर पेरली गेली. उगवण चांगली झाली. श्रावण-भाद्रपदात रानं अशी दिसत होती की मानाजीरावांचा दरबारात शेला देऊन सन्मान झाला. कार्तिकात तूर फुलावर आली. कार्तिक सरता सरता ती वाळायला लागली.

आधी कोपऱ्यातली चार झाडं, मग पट्टे, मग रानंच्या रानं. हिवरखोरी गावचा शेतकरी रायाजी पाच कोस चालत मळ्यावर आला. खांद्यावर मुळासकट उपटलेलं तुरीचं झाड. ते त्यानं गोंदाजीपुढे टाकलं.

“आबा, पोत्यावर मोहोर तुमची होती म्हणून घरचं बी खाऊन टाकलं आणि हे पेरलं.”

गोंदाजीनं खोड चिरलं. काळी रेघ बुडापासून शेंड्याकडे गेली होती.

“किती रान गेलं?”

“माझ्या गावचं सगळं. लगतच्या दोन गावांचंही सगळं. फुलवंती तर गेलीच. पण म्हातारीनं परड्यात आजोबांच्या वेळची जुनी तूर लावली होती, तीही गेली. आमच्या तीन गावांत आजवर मर कधी आली नव्हती, आबा. आम्ही तो रोग ऐकूनच होतो.”

गोंदाजी त्याच्याबरोबर हिवरखोरीला गेला. रायाजीच्या रानात त्यानं खुरप्यानं उकरलं. पहिल्याच पसाभर मातीत हाताला काही तरी लागलं. तुरीच्या खोडाचे तुकडे. बोटबोटभर लांबीचे, एका बाजूला तिरके कापलेले. कोयता धरायची त्याची ती सवय होती.

“ही माती कुठून आणलीस?”

“सरकारी मळ्याची. गाड्या आल्या होत्या वैशाखात. कसदार माती आहे म्हणाले. आमच्यात तीन गावांत भांडणं झाली तिच्यासाठी. मी वशिला लावून सात गाड्या मिळवल्या.” रायाजीनं मूठभर माती उचलली. “गेल्या साली ज्वारी झकास आली हो हिच्यात. त्यात काही वाईट होतं का?”

गोंदाजीला सांगावं लागलं. ज्वारीला जी माती काही करत नाही ती तुरीला मारते, हे त्यानं रानात उकिडवं बसून सांगितलं. रायाजी ऐकत होता. मग म्हणाला, “म्हणजे मी सात गाड्या रोग वशिल्यानं घरी आणला.”

त्या हिवाळ्यात अंजनगडमध्ये वरण पातळ झालं, मग आठवड्यातून दोनदा झालं, मग सणापुरतं. ओरड झाली तेव्हा चौकशी बसली.

चौकशीत मानाजीराव म्हणाले, “दार नीटनेटकं करा, एवढंच मी सांगितलं होतं. मातीचा शब्दही मी काढला नाही.”

प्रधान म्हणाले, “महाराजांना तो वाफा आवडला नाही, हे मी कारभाऱ्यांच्या कानावर घातलं. कानावर घालणं म्हणजे हुकूम नव्हे.”

महाराज म्हणाले, “मी एक प्रश्न विचारला होता. राजानं प्रश्नसुद्धा विचारू नये का?”

गाडीवानांना बोलावलं. गाड्या भरायला आणि हिवरखोरीकडे न्यायला कुणी सांगितलं, असं विचारलं. त्यांचा मुकादम म्हणाला, “पागोटंवाल्या एका साहेबांनी.” दरबारात तेव्हा झाडून सगळ्यांच्या डोक्यावर पागोटी होती.

मग गोंदाजीला बोलावलं. त्याला कुणी काही विचारायच्या आत तो म्हणाला, “माती कुणी काढली मला ठाऊक नाही. पण पोती बाहेर जाताना माती बदललेली होती, हे मला ठाऊक होतं. मोहोर माझी. मी उठवली.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?” चौकशीवाल्यांनी विचारलं.

“थकलो होतो.”

दरबारात कुजबुज झाली. इतकं साधं कारण त्यांना पटेना. पण कबुली मिळाली होती, आणि चौकशीला तेवढंच हवं होतं. गोंदाजीची मोहोर काढून घेतली. त्याला मळ्यातून घालवलं. कागद बांधून ठेवले. नव्या पारख्यानं कोठार आवरलं आणि अकरावी-फुलवंतीच्या जोडीचं बी, बघायला टपोरं दिसलं म्हणून, फुलवंतीच्या ढिगात ओतलं. सहा वर्षांची मेहनत एका पाटीत गेली.

अकरावीचं शेरभर बी तेवढं वाचलं. ते ठकूबाईनं ओच्यात घालून आणलं आणि गोंदाजीच्या ओसरीवर ठेवलं. ती चोरी होती. गोंदाजीनं तिला काही विचारलं नाही. तिनंही त्याला काही सुनावलं नाही.

पुढच्या आषाढात तो ते बी घेऊन हिवरखोरीला गेला. रायाजी बांधावर उभा होता. त्यानं ‘या’ म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही.

“इथे आता काय पेरणार?”

“मर पचवणारी तूर आहे. शेरभरच. तुझ्या रानात जगली तर बी वाढवता येईल. मळ्यात मला अशी माती करायला एकोणीस वर्षं लागली होती.”

“मग तुमचं काम सोपं झालं की,” रायाजी म्हणाला.

गोंदाजीनं ते ऐकून घेतलं. दोघांनी मिळून पेरलं. ठकूबाई तिसऱ्या दिवशी आली, खुरपं घेऊनच.

मार्गशीर्षात त्यांनी झाडं मोजली. शंभरातली अठ्ठ्याऐंशी उभी होती. रायाजी त्या दिवशी पहिल्यांदा गोंदाजीला म्हणाला, “आबा, भाकरी खाऊन जा.” भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा होता. वरण नव्हतं. जगलेल्या झाडांचं सगळं बी राखून ठेवायचं होतं. ते वाढून तीन गावांच्या रानांना पुरायला आणखी चार वर्षं लागणार होती, आणि गोंदाजी सत्तरीला आला होता. हात धुताना त्यानं रायाजीला विचारलं, पिशव्या बांधायला पातळ कापड कुठे मिळेल. कोणती झाडं कशी निवडायची, हे तो ठकूबाईला आणि रायाजीला त्याच दुपारपासून शिकवू लागला. एकच गोष्ट दोनदा, तीनदा, पाचदा सांगत होता. त्यांना कंटाळा आला तरी थांबत नव्हता.

तात्पर्य, आणि ते लहानांइतकंच मोठ्यांनीही ऐकावं: खोटं-खरं पारखायची जागा देखणी करायला जाऊ नये, कारण तिथे टाळलेलं मरण गरिबाच्या रानात जाऊन पोचतं, आणि ज्याच्या हाती मोहोर आहे त्याला थकायची मुभा आहे, गप्प बसायची नाही. गोंदाजीनं आपल्या चुकीचं उत्तर दिलं. मरीच्या मातीच्या सव्वाशे गाड्या मात्र राजाच्या मळ्यातून भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हिवरखोरीला गेल्या, आणि त्या कुणी पाठवल्या हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.